बॅटऱ्यांना पाय नसतात

मास्तरांचा एक सिद्धांत होता आणि गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी ऐकावा लागे. गिअर आपणहून कधी ओरडत नाही. त्याला ओरडायला लावणारा कुणीतरी माणूस असतो. क्लच तळापर्यंत दाबा, गिअर तेल लावलेल्या केसांतून कंगवा फिरावा तसा पडेल. अर्धवट दाबलात, तर आतली दातेरी चाकं एकमेकांवर दातओठ खातील आणि भर चौकात सगळ्यांना कळेल की आत नवशिका बसलाय.

सिद्धांत काही खोटा नव्हता. अर्ध्या गावाला त्यांनी त्याच्याच जोरावर गाडी शिकवली होती. शाळा म्हणजे काय, तर घराच्या अंगणात उभी असलेली एक छोटी पांढरी गाडी आणि तिच्या टपावरची पाटी. या गाडीत बाजूच्या सीटपुढेही क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडलं होती. शिकणाऱ्याच्या पेडलांना ती खालून दांड्याने जोडलेली. एकीकडचं दाबलं की दुसरीकडचंही खाली जायचं. त्या बाजूच्या सीटवर बसून मास्तर जग चालवत.

अलीकडे मात्र त्यांना वाटायला लागलं होतं की माणसांचे पायच बिघडलेत. गेल्या दोन-अडीच महिन्यांत आलेले सगळे विद्यार्थी एकजात नालायक निघाले होते. पहिल्याचा दुसरा गिअर, खर्रर्र. दुसऱ्याचा तिसरा, खर्रर्र. रिव्हर्स टाकताना तर कुत्री उठून पळायची. मास्तर ओरडायचे, "क्लच! अहो क्लच! पाय आहे की लाकडाचा ओंडका?" हायस्कूलमधला एक व्यायामशिक्षक शिकायला यायचा. त्याने दुखावल्या आवाजात सांगितलं, "मास्तर, मी रोज शंभर बैठका मारतो." मास्तर म्हणाले, "मग गाडीत का बसता? बैठकाच मारा." बेकरी चालवणारी एक बाई होती. पाच-पाच किलोचा गोळा मळणारी, हाता-पायाने दणकट. तिला ते म्हणाले, "तुमचा पाय गाडीसाठी घडलेलाच नाही." ती दार हळूच लावून गेली आणि पुन्हा आली नाही.

मास्तर स्वतः गाडी चालवत तेव्हा गाडी गाईसारखी गरीब. त्यामुळे दोष कुणाचा, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

अशातच एका संध्याकाळी मुलीचा फोन आला. मुलगी त्याच गावात दिलेली होती, चार गल्ल्या पलीकडे.

"बाबा, सासूबाईंना गाडी शिकायचीय. तुमच्याकडे."

मास्तरांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. विहीणबाई म्हणजे साधी बाई नव्हती. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. ती वॉर्डात शिरली की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे, असं जावईच सांगायचा. व्याह्यांच्या डोळ्यांनी आता रात्रीबेरात्री आणि हळूहळू दिवसाही संप पुकारला होता, त्यांची गाडी आच्छादन घालून अंगणात उभी होती. कुठे जायचं तर मुलाची मनधरणी करावी लागायची, आणि मनधरणी हा प्रकार विहीणबाईंच्या रक्तातच नव्हता.

"अगं, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन..."

"वर्ष झालं त्याला. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. त्या विचारत नाहीयेत बाबा, कळवतायत."

फोन ठेवल्यावर मास्तरांची बायको समोर येऊन उभी राहिली. तिने अर्धं संभाषण ऐकलं होतं आणि उरलेलं ओळखलं होतं.

"एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "लोकांवर ओरडता तसं त्यांच्यावर ओरडलात, तर आपल्या पोरीला तिथे राहायचंय हे लक्षात असू द्या. आणि ते नवे बूट घालून जा. विहीणबाईंनीच निवडलेत."

ते बूट हे एक वेगळंच प्रकरण होतं. मास्तरांची टाच दुखायला लागल्यापासून मुलीने हट्टाने आणून दिलेले. तळवा जाड, मऊ. पायाला सूज येते म्हणून विहीणबाईंच्या सल्ल्याने एक नंबर मोठे. घातल्यावर मास्तरांना आपण दोन होड्यांत एकेक पाय ठेवून चाललोय असं वाटायचं. पण टाच खरंच दुखायची थांबली होती, तेव्हा तक्रार तरी काय करणार?

विहीणबाई ठरल्या वेळेच्या आधी हजर. डोळ्यांवर चष्मा, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ, पायात घट्ट बांधलेले चपटे बूट. चालकाच्या सीटवर बसून त्यांनी आरसा असा काही नीट केला की त्यात रस्ता नाही, शिस्त दिसावी.

"मास्तर, गाडीत नातं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं की स्पष्ट सांगायचं."

"छे छे ताई, तुम्ही कसल्या चुकताय!"

"चुकणार नसते तर शिकायला कशाला आले असते?"

मास्तरांनी पहिला सबंध तास त्यांना बंद गाडीत नुसता सराव करायला लावला. बाईंचं डोकं पक्कं. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यावर निघाली. पहिला गिअर, हळूच क्लच सोडणं, गाडी सरकली. मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकून पाय पुढे ताणले. "आता क्लच दाबा आणि दुसरा टाका."

खर्रर्र!

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मान वर केली. मास्तरांच्या पोटातून "पाय आहे की लाकडाचा ओंडका" हे वाक्य निघालं, छातीतून वर आलं, जिभेवर चढलं, आणि तिथे त्यांना मुलीचा चेहरा दिसला. त्यांनी ते वाक्य गिळलं. इतकं मोठं वाक्य गिळायची सवय नसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

"गाडीच," ते खोकत म्हणाले, "गाडीच जरा कुरकुरते हल्ली."

"कुरकुरते? ही किंचाळली."

"हो, म्हणजे... जुनी झाली."

"कधीपासून होतंय हे?"

"झाले की दोन-अडीच महिने." तोंडातून खरं निघून गेलं.

विहीणबाईंनी गाडी कडेला घेतली. पेशंटला उशिरा घेऊन आलेल्या नातेवाइकांकडे बघावं तसं त्यांनी मास्तरांकडे बघितलं. "आणि अजून दाखवली नाहीत?"

आता काय बोलणार? दोष गाडीचा म्हणून बसले होते. थुंकी गिळता येते, बोललेलं गिळता येत नाही. मास्तर दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन गॅरेजला गेले.

गॅरेजवाल्याला सगळे 'कानसेन' म्हणत. गाड्यांचे आजार तो नुसते ऐकून ओळखायचा, आणि तसं ओळखतो हे येईल त्याला सांगायचा. गाडी फाटकातून आत येईपर्यंत रोग कळला नाही तर मिशी उतरवीन, असा त्याचा दावा होता. मास्तरांची गाडी फाटकातून आत आली तेव्हा तो डोळे मिटून उभा राहिला, आणि डोळे उघडून म्हणाला, "काही झालेलं नाही हिला."

"अरे, गिअर ओरडतो."

"आत्ता तर ओरडला नाही."

"माझ्या हातात ओरडत नाही. शिकणाऱ्यांच्या हातात ओरडतो."

"मग शिकणारे दुरुस्त करा! बरं, आवाज कसा येतो? काढून दाखवा."

मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं. बाकावर एक गृहस्थ आपल्या गाडीची वाट बघत पेपर वाचत बसले होते. मास्तरांनी आवाज खाली घेऊन काढलं, "खर्र."

"खर्र की कर्र?"

"म्हणजे?"

"खर्र असेल तर क्लच. कर्र असेल तर सिंक्रो रिंग गेली. घर्र असेल तर बेअरिंग. प्रत्येकाचा सूर वेगळा. नीट आठवून काढा, घाई नाही."

मास्तरांनी छाती भरून श्वास घेतला आणि मनापासून काढला, "खर्रर्रर्रक्!" बाकावरच्या गृहस्थांनी पेपरची घडी केली आणि ते आत जाऊन उभे राहिले.

"शेवटचा 'क्' असतो का रोज?" कानसेनने गंभीरपणे विचारलं.

मग त्याने रीतसर तपासणी केली. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले. इंजिन चालू करून क्लच दाबला, थोडं थांबला आणि रिव्हर्स टाकला. "हा खरा साक्षीदार," तो म्हणाला. "बाकीच्या गिअरांना आत समजूत घालून जुळवून घेणारी रिंग असते. ह्याला नाही. क्लच जरा जरी अडकत असेल तर सगळ्यात आधी हा बोंबलतो." रिव्हर्स निमूटपणे पडला. "एकच गिअर खात असेल तर रिंगचा दोष. सगळेच खात असतील तर क्लच पूर्ण सुटत नाही. आणि काहीच होत नसेल, तर मास्तर, तुम्ही थोडे दिवस कुठेतरी जाऊन या."

तरी मास्तर मोकळ्या हाताने परतायला तयार नव्हते. तेव्हा त्याने गिअरबॉक्सचं तेल बदललं आणि क्लचची केबल एक आटा आवळली. मास्तर गाडी घरी घेऊन आले. वाटेत एकदाही आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी दुसरा टाकला. खर्रर्र. तिसरा टाकला. खर्रर्र. रिव्हर्सबद्दल न बोललेलं बरं. ओठ घट्ट मिटून त्यांनी तास पूर्ण केला आणि उतरताना दाराला हात टेकवून क्षणभर उभ्या राहिल्या. हे मास्तरांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

अर्थ लावला मुलीने. रविवारी ती माहेरी आली होती. आईला मटार सोलू लागता लागता म्हणाली, "बाबा, सासूबाई हल्ली टीव्ही बघताना काय करतात माहीत आहे? भिंतीसमोर खुर्ची टाकतात आणि डाव्या पायाने भिंत दाबत बसतात. ऑपरेशनचा पाय तोच ना. परवा मी विचारलं तर म्हणाल्या, पाय शेवटपर्यंत जात नाही बहुतेक, मास्तर भले आहेत म्हणून गाडीवर घालतायत."

खरं तर मास्तरांच्याही मनात तेच होतं. दोष गुडघ्याचा आहे आणि आपण मोठ्या मनाने तो पोटात घातलाय, अशा समजुतीत ते इतके दिवस स्वतःवर खूश होते. पण भिंत दाबत बसलेली ती करारी बाई डोळ्यांसमोर आली आणि ती खुशी कुठल्या कुठे गेली.

"त्यांना पुन्हा भिंत दाबू देऊ नकोस," ते म्हणाले.

"मी देणार नाही म्हणणारी कोण, बाबा?"

पुढच्या तासाला विहीणबाई गाडीत बसल्या त्या किल्ली न फिरवताच. "मास्तर, आज रस्त्यावर जायचं नाही. गॅरेजला जायचं. मला त्या माणसासमोर चालवून दाखवायचंय. गाडीचं असेल तर गाडीचं निघू दे, माझं असेल तर माझं. आमच्याकडे निदान होत नसेल तर पेशंट घरी पाठवत नव्हतो, ठेवून घेत होतो."

गॅरेजमागे एक मोकळं आवार होतं. कानसेन बाजूच्या सीटवर बसला आणि विहीणबाईंनी गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, परत दुसरा, थांबून रिव्हर्स. आवाजाचं नाव नाही. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू दिसलं.

"आता मास्तर बसा," कानसेन म्हणाला. "मी मागे बसून ऐकतो."

मास्तर बसले. विहीणबाईंनी दुसरा टाकला. खर्रर्र! कानसेन मागच्या सीटवर असा उडाला की टपाला डोकं आपटलं.

"खर्रच आहे!" तो आनंदाने ओरडला. "क्लचचाच सूर! मी म्हटलं नव्हतं?"

"पण तुमच्या वेळी का नाही आला?" विहीणबाईंनी विचारलं.

इथे कानसेनची विद्या संपली. तो खाली उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, मास्तरांकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "वजन."

"कुणाचं?" मास्तर म्हणाले.

"तुमचं. तुम्ही बसलात की गाडी त्या बाजूला दबते. इंजिनाचा पाया कलतो, केबल ताणली जाते, क्लच अर्धवट सुटतो. किती आहे वजन?"

"पंच्याहत्तर."

विहीणबाईंनी चष्म्यावरून नजर टाकली. जन्मभर त्यांनी माणसं काट्यावर उभी केली होती. "नव्वदच्या खाली नाही," त्या म्हणाल्या.

कानसेनने कोपऱ्यातून ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या ओढत आणल्या. सीटवर गोणपाट अंथरून त्या एकावर एक रचल्या, आणि वरून एक लोखंडी चाक ठेवलं. विहीणबाईंनी सवयीने त्या सगळ्याला पट्टा लावला. मास्तर बाजूला टायरांच्या चळतीवर जाऊन बसले आणि आपल्या जागी बसलेल्या बॅटऱ्यांना घेऊन विहीणबाई आवारात फेऱ्या मारताहेत, हे बघत राहिले. बॅटऱ्या गप्प होत्या. गाडीही गप्प होती. एकेक गिअर असा पडत होता की मास्तरांना वाटलं, इतका गुणी विद्यार्थी आपल्याला आजवर मिळाला नाही. आणि इतका गुणी मास्तरही, असं बहुधा विहीणबाईंना वाटलं असावं.

"वजन नाही," कानसेन हिरमुसून म्हणाला. "मग मास्तरांत आणि बॅटऱ्यांत फरक काय राहिला?"

"बॅटऱ्या सूचना करत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या.

"ते खरं. पण बोलण्याने गिअर अडत नाही."

"आणि बॅटऱ्यांना पाय नसतात." हे त्या सहजच बोलल्या, पदराने चष्मा पुसता पुसता, आणि कानसेनशी दुसऱ्याच कुठल्या केबलबद्दल बोलायला लागल्या.

मास्तरांची नजर मात्र खाली गेली. टायरांवर बसल्या बसल्या त्यांनी पाय पुढे ताणलेले होते. टाच दुखायला लागल्यापासून ते असेच बसत, गाडीतसुद्धा. पूर्वी पाय पेडलांच्या वर जय्यत तयारीत असायचे. आता टाच टेकवून पाय सरळ पुढे. म्हणजे डावं पाऊल कुठे जात असेल? त्यांनी वाकून डाव्या बुटाचं टोक अंगठ्याने दाबलं. आत बोटं नव्हतीच. एक नंबर मोठ्या बुटाची पुढची जागा रिकामी. आणि त्या रिकाम्या टोकावर, चामड्यात, पेडलच्या रबरावर असतात तशा आडव्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.



सगळा हिशेब क्षणात जुळला. शिकणारा क्लच दाबणार, दांड्याने इकडचं क्लचपेडल खाली येणार, ते येऊन बसणार बुटाच्या टोकावर. शिकणाऱ्याला वाटणार तळ आला. दोन बोटं अंतर राहून जाणार आणि गिअर बोंबलणार. मग बूट अडकवून बसलेला माणूस ओरडणार, पाय आहे की लाकडाचा ओंडका! व्यायामशिक्षकाच्या शंभर बैठका त्यांना आठवल्या. दार हळूच लावून गेलेली बेकरीवाली आठवली. आपल्याच तोंडाने आपण कुणाचं वर्णन करत होतो, हे आठवून तर त्यांना टायरांच्या मधल्या पोकळीत शिरून बसावंसं वाटलं.

"मास्तर, बसा परत. शेवटचं एकदा बघतो, नाहीतर गिअरबॉक्स खाली उतरवतो," कानसेनने हाक मारली.

मास्तर जाऊन बसले. आणि माणसाने काय करावं हे ठाऊक असूनही जे होतं, तेच झालं. त्यांनी डावा पाय हळूच मागे, सीटखाली ओढून घेतला. कुणाला कळलं नाही. विहीणबाईंनी दुसरा टाकला, आवाज नाही. तिसरा; नाही. रिव्हर्स, नाही.

"गेला!" मागून कानसेन ओरडला. "तेल मुरायला वेळ लागतो कधी कधी. माझं तेल आहे ते!"

"असेल," मास्तर पुटपुटले. सुटलो, असं त्यांना वाटलं.

विहीणबाईंनी मात्र गाडी थांबवली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. 

"मग निदान झालं," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण फार हळू. "गाडी तीच, तेल तेच, माणसंही तीच. मघाशी झालं, आत्ता नाही. असं धरसोड वागणारी एकच गोष्ट आहे इथे, माझा गुडघा. कधी शेवटपर्यंत जातो, कधी नाही. मला कळतसुद्धा नाही. मास्तर, तुम्ही खूप सांभाळून घेतलंत. पण मी आता थांबते. भर रस्त्यात ऐन वेळी पाय गेला नाही, तर कुणाच्या तरी अंगावर गाडी जाईल. ते पाप नको."

त्यांनी पट्ट्याच्या खटक्याकडे हात नेला.

"थांबा, ताई," मास्तर म्हणाले.

आयुष्यात त्यांनी हजारो सूचना दिल्या होत्या, पण स्वतःच्या विरुद्ध जाणारी ही पहिलीच. "इंजिन चालू करा. आता मी सांगतो तेव्हा रिव्हर्स टाका." त्यांनी डावा पाय पुढे ताणला, रोज ताणायचे तसा. "टाका."

खर्रर्रर्रक्!

मास्तरांनी पाय मागे घेतला. "आता टाका."

गिअर निमूट पडला.

"परत." पाय पुढे, खर्रर्र. पाय मागे, शांतता. मास्तरांनी आपल्या हाताने आपली धिंड तीन वेळा काढली. मग मागच्या सीटवर कानसेन हसायला लागला. तो असा हसला की गाडी हलायला लागली आणि शेवटी उतरून टायरांना धरून उभा राहिला.

विहीणबाई हसल्या नाहीत. त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या बाजूला आल्या, दार उघडलं, आणि दाराला धरून, गुडघा सांभाळत, खाली वाकल्या. जखम बघावी तसा त्यांनी तो बूट बघितला. टोक दाबून पाहिलं.

"दुखायचं नाही?"

"आत बोटं नाहीत."

"एक नंबर मोठे घ्या, मीच सांगितलं होतं," त्या स्वतःशी म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. "म्हणजे माझा पाय शेवटपर्यंत जात होता?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या बुटापर्यंत जात होता, ताई. त्याच्या पुढे कुणाचा जाणार?"

विहीणबाईंचा चेहरा हळूहळू उलगडला आणि मग त्यांनाही आवरेना. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं. बुटात क्लच आणि गॅरेजला वळसा, हे आजच बघितलं!" मास्तरही हसले, जरा भीतभीत. पण विहीणबाईंचं हसू एकदम थांबलं.

"बाकीच्यांचं काय?"

"कुठल्या?"

"दोन-अडीच महिने म्हणालात. ह्या बुटांनाही तेवढेच झाले. त्यांना कुणी गाडीचा दोष आहे असं सांगितलं होतं का?"

"नाही. त्यांच्या पायांनाच बोल लावले," मास्तर म्हणाले.

"फोन काढा."

"आत्ता? इथे?"

"पेशंटला चुकीचं औषध गेलंय हे कळल्यावर सकाळपर्यंत थांबतात का?"

तेव्हा टायरांच्या चळतीवर बसून, कानसेनच्या आणि मेट्रनबाईंच्या देखत, मास्तरांनी एकेकाला फोन लावला. एकाने "कोण मास्तर?" म्हणून फोन ठेवून दिला. व्यायामशिक्षकाने सगळं शांतपणे ऐकलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, कारण या वेळी त्याने फोन स्पीकरवर टाकून बायकोला बोलावलं होतं. "बघ," पलीकडून त्याचा भरलेला आवाज आला, "रोज गुडघ्याला तेल चोळून घेत होतो मी!" बेकरीवालीने फोन उचलला तो काम करता करताच. मागे भट्टीचा, पत्र्यांचा आवाज येत होता.

"मी सगळ्यांना सांगितलं होतं की मला जमत नाही," ती सगळं ऐकून म्हणाली. "नवऱ्यालासुद्धा."

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी क्लचच्या बाबतीत कधी उच्चारले नव्हते.

"येईन मी परत. पण मी ओरडणार आणि तुम्ही ऐकणार. चालेल?"

मास्तरांनी विहीणबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. "चालेल," मास्तर म्हणाले.

ती आली, आणि शब्दाला जागली. पहिला सबंध तास मास्तर पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि ती वळणावळणावर त्यांना चार शब्द सुनावत होती. पण गाडी सुरेख चालवत होती. अंगणातून निघताना मास्तर आता साध्या चपला घालत. टाच दुखायची, पण त्याबद्दल तोंडातून ब्र काढायची सोय नव्हती.

विहीणबाईंची लायसन्सची परीक्षा महिन्याअखेरीस झाली. परीक्षकाने पट्टा लावलेला नव्हता, तर तो लावेपर्यंत त्यांनी गाडी सुरूच केली नाही. आता ह्या नापास होणार, असं कुंपणापलीकडून बघणाऱ्या मास्तरांना वाटलं. झाल्या पास. परीक्षक उतरताना त्यांना नमस्कार करून गेला.

त्याच रविवारी मास्तरांच्या दारात हॉर्न वाजला. आच्छादनाखालून बाहेर काढलेली, धुतलेली व्याह्यांची गाडी, चालकाच्या जागी विहीणबाई आणि शेजारी व्याही. मास्तरांची बायको बाहेर आली. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि व्याह्यांच्या खिडकीशी जाऊन म्हणाली, "तुम्ही मागे बसता का जरा? मला पुढून बघायचंय."

व्याही मागे आले, त्यांच्या शेजारी मास्तर कोंबले गेले, आणि गाडी निघाली. विहीणबाईंनी दुसरा टाकला, तिसरा टाकला. मास्तरांची बायको त्यांच्या हातांकडे आणि पायांकडे टक लावून बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "मला शिकवाल?"

"अहो, घरात मास्तर आहेत की!"

"ते आहेत म्हणूनच तुम्हाला विचारतेय."

मास्तरांनी तोंड उघडलं. व्याह्यांनी न बघताच त्यांच्या हातावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मास्तरांनी तोंड मिटलं. पुढे दोघी सोमवारची वेळ ठरवत होत्या, आणि सोमवारी मास्तरांना त्यांची पांढरी गाडी लागणार आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.